दोन सुतांचा दावा

ज्या माणसाने आयुष्याची चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजण्यात आणि मोजून झाल्यावर दोन्ही पक्षांच्या शिव्या खाण्यात घालविली, त्याने निवृत्तीनंतर अमेरिकेत लेकीकडे जावे, तेथे नातीला शुभंकरोति शिकवावे आणि दुपारी पडवी नसलेल्या घरात पडवीची आठवण काढीत डुलकी घ्यावी, अशी जी सर्वसाधारण अपेक्षा असते तीच माझीही होती. परंतु सातारा जिल्ह्यातील भूमि अभिलेखाच्या दप्तरातून निमतानदार म्हणून बाहेर पडलेल्या मज इसमाला मिशिगन राज्यातील ट्रॉय नामक गावी एका मोटारीच्या डाव्या मागच्या चाकाने शेजारच्या मडगार्डाच्या हद्दीत केलेल्या अतिक्रमणाची मोजणी करावी लागेल, हे माझ्या पत्रिकेत कोणाही ज्योतिषाने वर्तविले नव्हते.

मोटार आमच्या जावईबापूंची. जावईबापू मूळचे इचलकरंजीचे, शिक्षणाने अभियंते, वृत्तीने सात्त्विक, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नसलेले. आणि अशा निर्व्यसनी माणसावर नियती जेव्हा सूड घेते तेव्हा ती त्याला जुनी मोटार घ्यावयास लावते. ही मोटार १९६८ सालची शेव्हरोलेची शेव्हेल. रंग गडद निळा, दारे दोनच, पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर ११२ इंच, आणि नाकाडापाशी उभे राहिले असता मागचा दिवा शेजारच्या घरापुढे असल्याचा भास व्हावा असा एकंदर विस्तार. अमेरिकन लोक या जातीला मसल कार म्हणतात. आपण तिला तालमीतली मोटार म्हणावे. तिच्या इंजिनाचे आकारमान ३९६ घनइंच, म्हणजे ६४८९ घनसेंटिमीटर आहे, असे जावईबापूंनी मला सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या खात्यातील साखळी ३३ फुटांची, आणि साखळीचा वर्ग म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि योगायोग असा की माझ्या साहेबांची जी प्रीमियर पद्मिनी मी कित्येक उतारांवर ढकलली तिचे इंजिनही नेमके १०८९ घनसेंटिमीटरांचेच होते. त्या हिशेबाने या गाडीच्या टपाखाली सहा गुंठ्यांना किंचित कमी असे क्षेत्र भरत होते. "बागायत दिसतेय," मी म्हणालो. परंतु जावईबापूंना विनोद कळला नाही, कारण पेट्रोलचा विषय निघाला की ते गंभीर होतात.

या जातीच्या मोटारींचा जन्मच मुळी एका पळवाटेतून झाला, हे समजल्यापासून मात्र मला त्यांच्याविषयी आपुलकी वाटू लागली. १९६४च्या सुमारास जनरल मोटर्सचा असा अंतर्गत हुकूम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालू नये. पॉन्टिअॅक शाखेचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हुकूम शिरसावंद्य मानला, आणि ३८९ घनइंचांचे इंजिन गाडीचे म्हणून न बसविता, गिऱ्हाइकाने मागितल्यास द्यावयाचे ऐच्छिक साहित्य म्हणून यादीच्या एका कोपऱ्यात नोंदविले. नियम गाडीला होता, यादीला नव्हता. हे ऐच्छिक साहित्य म्हणजेच पुढे गाजलेली जीटीओ. शेतजमिनीवर गुरांचा गोठा म्हणून नोंद करून उठविलेले आणि वरच्या मजल्यावर गच्चीसकट झोपाळा असलेले कितीतरी गोठे मी माझ्या सेवाकाळात डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे, डेट्रॉइट आणि सातारा यांच्यातील अंतर मला त्या क्षणी बरेच कमी झाल्यासारखे वाटले.

आता प्रश्न चाकांचा. इंजिन पहिलवानाचे, परंतु कारखान्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पायांत घातलेले टायर मात्र चौदा इंची रिमेवरचे आणि आजच्या मानाने अरुंद, त्यामुळे पहिलवान जोर काढू लागला की पाय जागच्या जागी घसरत. यावर उपाय म्हणून गाडीच्या मागच्या पायांत रुंद टायर घालण्याची या मंडळींत परंपराच आहे, आणि जावईबापूंनी ती पाळली. टायर आणले ते २७५/६०आर१५ या मापाचे. हे माप मला त्यांनी उलगडून सांगितले तेव्हा मी चकित झालो, कारण २७५ ही रुंदी मिलिमीटरांत, ६० ही टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकड्यात, आणि १५ हा रिमेचा व्यास इंचांत, अशा तीन राजवटी त्या एका रबरी कडीवर गुण्यागोविंदाने नांदत होत्या. मधला आर हा रेडियलचा, असे ते म्हणाले खरे, परंतु ज्याने जन्मभर सातबाऱ्यावर हेक्टरनंतर आर लिहिले त्याला तेथे आर पाहून घरचेच माणूस भेटल्याचा आनंद व्हायचा तो झालाच. रिमेची तर कथा आणखी न्यारी. ती आठ इंची म्हणून विकली जाते आणि कडेपासून कडेपर्यंत मोजली तर नऊ इंच भरते, कारण टायरची कडा आत जेथे बसते तेथून तेथवर मोजण्याचा प्रघात आहे. पुण्यातील सदनिकांचे क्षेत्रफळ याच्या नेमके उलट रीतीने मोजतात, एवढाच फरक.

टायर विकणाऱ्या दुकानदाराने, "आरामात बसेल," असे सांगितले होते. आमच्याकडे जमीन विकणारा दलाल, "रस्ता आहे हो, वहिवाटीचा," असे ज्या स्वरात सांगतो त्याच स्वरात त्याने ते सांगितले असणार. टायर बसले, यात खोटे काही नाही. गाडी उभी असताना ते अगदी आरामात बसत. गाडी चालू लागली, आणि विशेषतः मागच्या आसनावर कोणी बसून ती उजवीकडे वळली, म्हणजे वरचे अंग डावीकडे झुके, डावी स्प्रिंग दबे, आणि चाकाच्या कमानीची जी पत्र्याची कड आतल्या बाजूला दुमडलेली असते ती टायरच्या खांद्याला अशी काही घासे की, पिठाच्या गिरणीत बाजरीबरोबर खडा गेल्यावर जसा आवाज निघतो तसा 'खर्र' असा आवाज निघून तो आसनातून थेट बसणाऱ्याच्या माकडहाडापर्यंत पोहोचे.

आमच्या सौभाग्यवतींना या आवाजाचे काहीच वाटले नाही. विमानतळावरून घरी येतानाच तिने तो प्रथम ऐकला आणि, "जुनी गाडी म्हटली की घशात कफ असायचाच," असा निर्णय दिला. पुढे तर तिने त्या आवाजाची सोय करून घेतली. ट्रॉयमधल्या देवळात आम्ही दर शनिवारी जात असू. मोटारीत बसले की दोन मिनिटांत डोळे मिटण्याची तिची लहानपणापासूनची, म्हणजे एस.टी.पासूनची सवय, आणि देवळाच्या आवारात शिरताना उजवीकडचे वळण आणि फरसबंदीचा उंचवटा हे दोन्ही एकदम येत असल्यामुळे तेथे हमखास खर्र होई. खर्र झाले की तिने डोळे मिटल्या मिटल्या हात जोडावेत, आणि मगच देऊळ दिसावे, असा क्रम ठरून गेला.

घासण्याला भाराचे कारण आहे हे जावईबापूंना ठाऊक होते, आणि तो भार कोणाचा हेही ठाऊक होते. परंतु सासऱ्याला त्याचे वजन विचारण्याइतकी अमेरिका त्यांच्या अंगी अद्याप मुरली नव्हती. "मागच्या बाजूला थोडा लोड आला ना बाबा, की होतं," असे ते खाली मान घालून म्हणत. डाव्या बाजूला, म्हणजे चालकाच्या पाठीमागे, मी बसत असे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात जसा सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसा त्या गाडीच्या डाव्या कमानीवर माझा शहाऐंशी किलोंचा बोजा. मुलीने मात्र बापाचा संकोच ठेवला नाही. "बाबा, आज तुम्ही उजवीकडे बसून बघा बरं," असे तिने एका शनिवारी फर्मावले, मी बसलो, डावीकडे सौभाग्यवती आली, आणि खर्र झालेच, जरा हलक्या आवाजात झाले इतकेच. त्यावरून घरात जी शांतता पसरली तिचे वर्णन करण्याचे धैर्य मला नाही.

येथे मुदतीचाही प्रश्न होता. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून पॉन्टिअॅक शहरापर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यू नावाचा जो विख्यात रस्ता जातो, ज्याच्या एका मैलावर १९०९ साली सिमेंट काँक्रीट घालून अमेरिकेने नव्या रस्त्यांचा श्रीगणेशा केला, आणि ज्यावर साठीच्या दशकात तरुण पोरे सिग्नलपासून सिग्नलपर्यंत मोटारींच्या शर्यती लावीत, त्या रस्त्यावर १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींची जत्रा भरते. जत्रेला आपले दैवत पालखीत घालून नेणे भाग, आणि पालखी तर एका बाजूने करकरत होती.

म्हणून जुलैतल्या एका शनिवारी गॅरेजमध्ये पंचांची बैठक बसली. जावईबापूंचे तीन मित्र, शेजारच्या घरातील एक वृद्ध गोरे गृहस्थ, ज्यांनी सारी उमर मोटारींच्या कारखान्यात काढली होती, आणि चहा देण्याच्या निमित्ताने मी. गाडी चार घोड्यांवर चढविलेली होती. घोडे म्हणजे लोखंडी तिवया. परंतु नवरदेव पारण्यावर जाताना घोड्यावर बसतो आणि ही गाडी चारांवर उभी, हे पाहून तिचा रुबाब लक्षात यावा. पहिल्या मित्राचे म्हणणे असे की मागचे शॉक अॅब्सॉर्बर काढून हवेचे बसवावेत आणि त्यांत हवा भरून गाडीचा मागचा भाग वर उचलावा. सत्तरीच्या दशकात सर्व तरुण असेच करीत. त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखविले; त्यातली गाडी मागून इतकी उंच होती की बाजारात दावण सोडून पळण्याच्या बेतात असलेल्या खोंडाची मला आठवण झाली. दुसऱ्याचे म्हणणे, चूक रिमेची. रिमेचा जो पृष्ठभाग आसाच्या तोंडावर टेकतो तेथपासून तिच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर वाढविले की चाक आत सरकते, कमी केले की बाहेर येते. तेव्हा अर्धा इंच आत जाणारी नवी रिम घ्यावी. तो बोलत असताना हिशेबाची वही जावईबापूंच्या नव्हे तर दारात उभ्या असलेल्या माझ्या लेकीच्या डोळ्यांपुढे उघडलेली स्पष्ट दिसत होती. तिसरा मित्र मूलगामी विचारांचा होता. त्याचे मत असे की आसच दोन्ही टोकांनी कापून आखूड करावा, कमानीच्या आतला पत्रा करवतीने कापून तेथे मोठी खोळ वितळजोडाने बसवावी, म्हणजे २७५ काय, वाटेल तो टायर बसेल. पलंग दारातून जात नाही म्हणून घराची भिंत पाडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना तो पलंग पुढे सुखाने झोप देतो असे काही आढळत नाही.

वृद्ध गोरे गृहस्थ काही बोलले नाहीत. ते घरी गेले आणि बेसबॉलची एक लाकडी बॅट घेऊन आले. मला क्षणभर वाटले की चर्चा आता आमच्या ग्रामसभेच्या वळणावर जाते आहे; परंतु ती बॅट टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत घालून गाडी हळूहळू ढकलावयाची, म्हणजे चाकाबरोबर बॅट फिरते आणि आत दुमडलेली कड दाबून वर निजविते, अशी त्यांची जुनी युक्ती होती. आजकाल त्यासाठी चाकाच्या तुंब्यावर पाच नटांनी आवळावयाचे रुळाचे यंत्र मिळते, रंग तडकू नये म्हणून पत्रा गरम करावयाची हीट गन मिळते. परंतु बॅट ती बॅट.

सारे बॅटीवर एकमत होण्याच्या बेतात असताना मी विचारले, "आणि उजवीकडे का घासत नाही?"

शांतता झाली. माझ्या नोकरीतला हा पहिला धडा होता. दोन शेतकरी बांधावरून भांडत असतील तर भांडणाच्या जागी साखळी कधीच टाकायची नाही. आधी दूरचे, भांडणात नसलेले दगड शोधायचे. एकाच मापाचे दोन टायर, एकाच मापाच्या दोन रिमा, एकच आस. डावीकडचे मडगार्ड फिर्याद करते आणि उजवीकडचे अवाक्षर बोलत नाही, तर फिर्यादी खरा असेलही, परंतु आरोपी टायरच असेल असे नाही. हे सर्व मी मराठीत बोललो. जावईबापूंनी त्याचे इंग्रजी केले, आणि त्यात माझ्या भाषणाचे निम्मे ओज गळाले असावे, कारण गोऱ्या गृहस्थांनी फक्त, "हं," असे म्हटले.

पुरावा म्हणून प्रथम नातीची खेळायची माती मागवली. तिने निळी दिली, कारण गुलाबी तिला हवी होती. तिचे सुपारीएवढे गोळे डाव्या आणि उजव्या कमानीच्या कडेला आतून चिकटविले, गाडी खाली उतरविली, मागे आम्हा उभयतांना आणि एका मित्राला बसविले, आणि गल्लीतल्या उंचवट्यावरून दोन फेऱ्या मारल्या. परत येऊन पाहतो तो डावीकडचा गोळा पापडासारखा चपटा झालेला, त्यावर टायरच्या नक्षीच्या तीन रेघा स्वच्छ उमटलेल्या आणि मध्ये पत्र्याची कड अंगठ्याच्या नखासारखी निळ्यातून वर आलेली. उजवीकडचा गोळा मात्र नातीने वळला तसाच, तिच्या बोटांच्या ठशांसकट. मी हा पंचनामा म्हणून मान्य केला.

मग मी माझा ओळंबा काढला. हा पितळी ओळंबा माझ्या प्लेन टेबलाबरोबर वीस वर्षे हिंडलेला. निवृत्तीच्या दिवशी त्याची किंमत सरकारजमा करून मी तो घरी आणला होता आणि अमेरिकेस येताना, लेकीने फोनवर हसून हसून नको म्हटले असताही, मोठ्या बॅगेत धोतरांच्या घडीत ठेवला होता. मडगार्डाच्या दुमडलेल्या कडेवरून दोरी सोडली, ओळंबा फरशीपासून बोटभर वर झुलत ठेवला, त्याने झुलणे थांबेपर्यंत कोणालाही श्वास घेऊ दिला नाही, आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंतचे अंतर लाकडी पट्टीने घेतले. डावीकडे भरले एक सूत. उजवीकडे पाच सूत. इंचाला आठ सूत हे त्या मंडळींना सांगावे लागले. त्यांनी ते मिलिमीटरांत आणि मग दशांशांत करून पाहिले, आणि अखेर सर्वांना सूतच सोयीचे वाटले.

फरक चार सुतांचा. म्हणजे कोणीतरी दोन सूत उजवीकडे सरकले होते. कोण, हा प्रश्न राहिला. आस सरकला असेल म्हणावे तर खालच्या लोखंडी सांगाड्यापासून दोन्ही चाकांच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, ते दोन्हीकडे तंतोतंत सारखे. आस निर्दोष. चाके निर्दोष. आणि येथे ज्यांना या गाडीची रचना ठाऊक आहे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असेलच: या गाडीचे वरचे अंग आणि खालचा सांगाडा हे दोन स्वतंत्र जीव आहेत, मध्ये रबराच्या बैठका, त्यांतून बोल्ट, आणि बोल्टांच्या भोकांना थोडा खेळ. पन्नासपंचावन्न वर्षांत ती रबरे कुजली, बोल्ट सैलावले, आणि आख्खे घरच पायावरून दोन सूत उजवीकडे सरकले. टायर आपल्या जागी होता. बांध कोरला होता मडगार्डानेच, आणि कोर्टात आधी धावत गेलेही मडगार्डच. नोकरीत माझा असाच अनुभव होता, की फिर्यादीची भाषा जितकी करुण तितका त्याचा नांगर शेजारच्या पट्टीत खोल गेलेला असतो.

या विजयाने मी जरा फुशारलो, हे कबूल केले पाहिजे. त्या रात्री जेवताना मी जावईबापूंना त्यांच्याच राज्याच्या मोजणीची हकीकत सांगितली, जी त्यांना तेथे चौदा वर्षे राहून ठाऊक नव्हती. मिशिगनची सारी जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, आणि त्या मोजणीची आधाररेषा म्हणजे डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवरचा एट माइल रोड. आमच्या लेकीचे घर ज्या रस्त्यालगत आहे तो सोळाव्या मैलाचा, म्हणजे आधाररेषेच्या बरोबर आठ मैल उत्तरेला. तेथील मोजणीदारांची साखळी ६६ फुटांची, आपली तिच्या बरोबर निम्मी. आणि एवढ्या थोर मोजणीत गंमत अशी झाली की पूर्वेकडून आलेली आधाररेषा आणि पश्चिमेकडून आलेली आधाररेषा मुख्य रेखावृत्तापाशी एकमेकींना भेटल्याच नाहीत. दोहोंत सुमारे ९३५ फुटांचे अंतर राहिले. आमच्या तालुक्यात असे घडते तर निमतानदाराची वेतनवाढ थांबली असती. मिशिगनने त्या जागी उद्यान केले आहे. "मग बाबा, दोन सुतांचं एवढं काय?" लेकीने विचारले. तिचे आजोबाही असेच भलत्या वेळी मार्मिक बोलत.

दुरुस्तीचे वर्णन मी आटोपते घेतो, कारण तिच्यात शौर्यापेक्षा गंजच अधिक होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते टाकण्यात हात आखडता घेण्याचे त्यांना कारणही नाही, कारण डेट्रॉइट शहराच्या पोटातच सुमारे १२०० फुटांखाली मिठाची खाण आहे. त्यामुळे जुन्या गाडीच्या तळाला लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची कळा आलेली असते. बोल्टांवर तेल सोडून रात्रभर ठेवले, सकाळी पुन्हा सोडले, दुपारी प्रार्थना केली. एका बोल्टाचा नट आतल्या पत्र्याच्या पिंजऱ्यातून सुटून बोल्टाबरोबर गरगर फिरू लागला आणि त्या एकट्याने दोन शनिवार खाल्ले. जुनी रबरे निघाली ती जुन्या चपलेच्या टाचेसारखी, एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूला फुगलेली; हातात घेतली तर भुगा पडे. नवी घातली, बोल्ट बेताने आवळले, सांगाड्याला लाकडाची फळी टेकवून वरच्या अंगाला आडव्या जॅकने रेटा दिला, आणि मी ओळंब्यापाशी उकिडवा बसून, "अजून... अजून... बस्स!" असे ओरडत राहिलो. माझा 'बस्स' हा शब्द त्या गोऱ्या गृहस्थांनी तेवढ्यात उचलला. पुढे ते काही महिने त्यांच्या कुत्र्यालाही तोच म्हणत, असे लेकीचे पत्र आहे. तीन सूत डावीकडे, तीन सूत उजवीकडे. दोन्ही पक्षांना वाटणी मान्य, हरकत कोणाची नाही, असा शेरा मी खडूने गॅरेजच्या भिंतीवर मारून सही केली.

तरीही वळणावर भरवसा नको म्हणून शेवटी बॅट आलीच. तीन सुतांत थोडी भर पडावी म्हणून दोन्ही कडा वर निजवावयाच्या ठरल्या. जावईबापूंच्या हातात हीट गन, गोऱ्या गृहस्थांच्या हातात बॅट, मित्र गाडी ढकलणार, आणि रंग तडकेल या भीतीने सर्वांचे चेहरे असे की जणू बाळाचे कान टोचले जात आहेत. स्वयंपाकघराच्या दारातून सौभाग्यवती हा सोहळा पाहत होती. पहिल्या फेरीत पत्रा मध्यभागी जरा जास्त दबला तशी ती पुढे आली.

"अहो, त्यांना सांगा, एकदम जोर नका लावू. कडा आधी लाटायच्या, हलक्या हाताने. मधलं आपोआप होतं."

मी ते भाषांतरित करविले. गृहस्थांनी तिच्याकडे पाहून मान तुकविली, बॅट जराशी तिरपी धरली, आणि पुढच्या सहा फेऱ्यांत कड पोळीसारखी एकसारखी वर गेली. रंगाला केसाएवढाही तडा नाही. पन्नास वर्षे पोळ्या केलेल्या हातांचा मोटार उद्योगाला झालेला हा लाभ कोणत्याही कारखान्याच्या दप्तरात नोंदला जाणार नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

ऑगस्टचा तिसरा शनिवार उजाडला. जत्रेत जाण्यापूर्वी देवाला नारळ देऊन निघावे असे ठरले. जावईबापू चालवायला, शेजारी लेक, मागे उजवीकडे आम्ही उभयतांपैकी हलकी व्यक्ती आणि डावीकडे मी. नात मध्ये, कमरेला पट्टा आवळून. पोरीसकट तिघांचा पूर्ण बोजा मागच्या आसनावर होता. सहा गुंठ्यांचे ते इंजिन घोरत होते, आणि गाडीतले आम्ही चौघे जण कान टवकारून, एकमेकांकडे न पाहता, डाव्या कमानीकडे लक्ष लावून बसलो होतो. सोळाव्या मैलाचा चौक गेला. उजवे वळण आले, गाडी डावीकडे झुकली, मी श्वास धरला. आणि काही नाही. पुढे उंचवटा आला, गाडी वर गेली, खाली आली, स्प्रिंगा दबल्या, सुटल्या. आणि काही नाही. देवळाच्या आवारात झाडाखाली सावली पाहून जावईबापूंनी गाडी लावली, इंजिन बंद केले, आणि आरशातून माझ्याकडे पाहत दोन बोटे वर करून दोन सुतांची खूण केली. लेक उतरली. नात उतरली. मी उतरून डावीकडच्या कमानीत हात घातला. रबर कोमट, कड गुळगुळीत, मध्ये तीन बोटांची मोकळी हवा.

सौभाग्यवती मात्र आपल्या जागी डोळे मिटून तशीच बसलेली.

"आई, चल ना. उतर."

"अगं थांब," डोळे न उघडता ती म्हणाली, "खर्र कुठे झालंय अजून?"